बुलढाण्याच्या पोरांचा श्वास मोजा!

२०२४ साल सरता सरता शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांवर एक विलक्षण आपत्ती कोसळली. माणसांच्या डोक्यावरचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. चांगल्या धडधाकट माणसांची अवघ्या काही दिवसांत टकले झाली! पुरुष सुटले नाहीत, बायका सुटल्या नाहीत, शाळेत जाणारी पोरेही सुटली नाहीत. २०२५ चा जानेवारी उजाडला आणि मग जी धावपळ सुरू झाली, ती पाहून बुलढाणा जिल्हा ह्या देशाच्या नकाशावर आहे अशी प्रथमच कोणाची तरी खात्री पटली असावी. जिल्ह्याचे आरोग्य खाते धावले. त्वचारोगाचे तज्ज्ञ आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. पाणी, माती, रक्त, केस ह्यांचे नमुने बाटल्यांत भरून रवाना झाले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या परीने शोध घेऊन रेशनवर मिळालेल्या गव्हातील सेलेनियम ह्या द्रव्याकडे बोट दाखविले. त्यावर वाद झडले, प्रतिवाद झडले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

ह्या धावपळीची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ती व्हावयासच हवी होती. किंबहुना सरकारी यंत्रणेने मनावर घेतले, तर बोंडगावच्या माणसाच्या शरीरात काय शिरले आहे ते दिल्लीच्या प्रयोगशाळेत मोजता येते, हे त्या प्रकरणाने निर्विवाद सिद्ध केले. आमचा प्रश्न एवढाच आहे की, डोक्यावरचा केस गळाला म्हणजे जी यंत्रणा खडबडून जागी होते, ती छातीतला श्वास गळू लागला म्हणजे कोठे जाते? पुढे काही महिन्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवलेही. पण धुरात आणि धुळीत वाढलेल्या पोराचे फुफ्फुस जन्माच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढे वाढावयाचे तेवढे वाढले नाही, तर ते मागाहून वाढत नाही. त्या पोराला उभा जन्म उसन्या श्वासावर काढावा लागतो. आणि हा तोटा असा निःशब्द आहे की, ज्याचा होतो त्यालाही तो कळत नाही!

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. २०११ च्या शिरगणतीत येथे २५ लाख ८६ हजार माणसे मोजली गेली. ह्या जिल्ह्यातल्या मुलाचे वजन अंगणवाडीत मोजले जाते. त्याची उंची मोजली जाते, दंड मोजला जातो, गुण मोजले जातात, हजेरी मोजली जाते आणि त्याच्या ताटात पडणारे तांदूळही ग्रॅमवारी मोजले जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे लोक घरी येतात, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलाला गेल्या दोन आठवड्यांत खोकला आणि धाप होती काय, एवढे विचारून जातात. पण ह्या मुलाच्या छातीत किती हवा मावते आणि ती किती जोराने बाहेर पडते, हे जाणून घ्यावे असे कोणत्याही सरकारी वहीला आजवर वाटलेले नाही.

ह्याचे एक कारण उघड आहे. हवेचे प्रदूषण म्हणजे शहराचे दुखणे, असा एक गोड समज आपल्या राज्यकर्त्यांनी करून घेतला आहे. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला आणि ज्या शहरांची हवा प्रमाणाबाहेर घाण आहे त्यांची यादी केली. त्या यादीत अकोला आहे, जळगाव आहे आणि जालनाही आहे. आता वाचकांनी डोळ्यांपुढे नकाशा आणावा. बुलढाण्याच्या पूर्वेला अकोला, पश्चिमेला जळगाव आणि दक्षिणेला जालना! तीन अंगांनी तीन शेजारी आजारी म्हणून नोंदलेले आणि मधला बुलढाणा मात्र यादीच्या बाहेर, म्हणजे ठणठणीत! जणू अकोल्याची धूळ बाळापूरच्या पुढे यावयास आणि जळगावचा धूर मुक्ताईनगर ओलांडावयास परवाना मागतो. वाऱ्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही, हे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती यादी शहरांसाठी होती आणि तिच्या कसोटीला खेडे बसत नव्हते, हे आम्हांलाही कळते. पण खेडे कसोटीत बसत नाही म्हणून खेड्यातल्या पोराला छाती नसते काय?

आपल्याकडे मोजमापाची हौस कमी आहे, असेही कोणी म्हणू नये. ह्या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जो राष्ट्रीय महामार्ग जातो, त्याच मार्गाचा अमरावती-अकोला हा पंचाहत्तर किलोमीटरचा तुकडा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि त्या तेहतीस मिनिटांसकट त्याची नोंद गिनीजच्या बुकात झाली. छान झाले. रस्ता हवाच. पण त्या रस्त्याच्या कडेच्या शाळेत बसून जे पोर वर्षानुवर्षे मालमोटारींचा धूर ओढते, त्याच्या श्वासाचे एक मिनिटही कोणत्या बुकात नोंदले गेलेले नाही.

श्वास मोजणे हे काही मंगळावर यान पाठविण्याइतके अवघड काम नव्हे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज वैद्याने १८४६ साली स्पायरोमीटर ह्या श्वासमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याला आता पावणेदोनशे वर्षे उलटून गेली आहेत. आजचे यंत्र तळहातावर मावते. मुलाने छाती भरून श्वास घ्यावयाचा, नळी ओठांत घट्ट धरावयाची आणि वाढदिवसाच्या सगळ्या मेणबत्त्या एका दमात विझवावयाच्या अशा आवेशाने फुंकर मारावयाची. एकूण किती हवा बाहेर पडली आणि त्यांतली पहिल्या सेकंदात किती, हे दोन आकडे मिळाले की मुलाचे वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून ते अपेक्षेशी ताडता येतात. सहा-सात वर्षांचे पोर हे काम शिकविल्यावर नीट करते, आणि खेळ समजून करते. ह्याहून साधे साधन म्हणजे पीक फ्लो मीटर. ही एक प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यावर एक काटा सरकतो आणि काही शे रुपयांत ती मिळते. तिची माहिती स्पायरोमीटरइतकी भरवशाची नसते, हे खरे. पण ज्या गावात काहीच नाही, त्या गावात ती नळी म्हणजेही मोठीच प्रगती ठरेल.

अशा फुंकरींतून केवढा इतिहास घडतो, हे अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियाने जगाला दाखविले आहे. तेथील विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या काळात बारा गावांतील शाळकरी मुलांना हाताशी धरले आणि वर्षानुवर्षे त्यांचा श्वास मोजला. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत १,७५९ मुलांचा माग काढून २००४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. सर्वांत घाण हवेच्या गावी अठराव्या वर्षी श्वासाची ताकद धोक्याच्या रेषेखाली असलेल्या मुलांचे प्रमाण हे सर्वांत स्वच्छ हवेच्या गावांच्या जवळजवळ पाचपट होते! पण खरी गंमत पुढेच आहे. दरम्यान तेथील सरकारने कायदे कडक केले, मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर आटोक्यात आणला. शास्त्रज्ञांनी मोजणे सोडले नाही. मुलांच्या एकामागून एक तीन पिढ्या त्यांनी त्याच गावांत तपासल्या. १९९४ ते १९९८ ह्या काळातील मुलांत पंधराव्या वर्षी ज्यांचा श्वास धोक्याच्या रेषेखाली होता, त्यांचे प्रमाण शेकडा ७.९ होते. मधल्या तुकडीत ते ६.३ झाले आणि २००७ ते २०११ च्या तुकडीत ३.६ वर आले. म्हणजे निम्म्याहून कमी! हवा सुधारली तशी पोरांची छाती रुंदावली, हे २०१५ साली आकड्यांनिशी जगापुढे आले. पहिला आकडाच कोणी घेतला नसता, तर शेवटच्या आकड्याचा आनंद कोणाला झाला असता?

लंडनने ह्याच्या उलट अनुभव घेतला, आणि तोही तितकाच मोलाचा आहे. १९५२ च्या डिसेंबरात त्या शहरावर काळ्या धुक्याची झापड पडली आणि प्रथम चार हजार, पुढे फेरहिशेबात सुमारे बारा हजार माणसे त्यात दगावल्याचे आढळले. तेव्हापासून धुराची भीती काय असते हे तेथील लोक जाणतात. ह्या शतकात तेथे जड वाहनांवर निर्बंध घालणारा टापू आखला गेला. सगळ्यांना वाटले, आता पोरे सुटली. पण डॉक्टरांनी पूर्व लंडनच्या शाळांतील आठ-नऊ वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलांचा श्वास मोजला आणि २०१८ साली सांगून टाकले की, हवेत थोडा फरक पडला असला तरी मुलांच्या फुफ्फुसांत सुधारणा दिसत नाही. औषध अपुरे आहे, मात्रा वाढवा. मापाचा हा दुसरा उपयोग. सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेण्याआधी तो हात धरतो.

त्याच देशातील लेस्टर शहरात निरोगी मुलांच्या थुंकीतल्या पेशींत काजळीचे कण किती, हे मोजले गेले. काजळी जितकी अधिक तितका श्वास उणा, असे त्या संशोधनातून दिसले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावरचे पहिले नाव कुलकर्णी असे आहे. कुलकर्ण्यांनी लेस्टरच्या पोरांच्या काजळीचा हिशेब ठेवला; खामगावच्या पोरांचा ठेवणारा कुलकर्णी किंवा देशमुख किंवा इंगळे अजून निघावयाचा आहे!

आता आम्ही वाचकांचे लक्ष ज्या एका आकड्याकडे वेधू इच्छितो, त्याकडे येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या ११,६२८ शाळकरी मुलांची तपासणी केली आणि २००८ साली त्याचा अहवाल निघाला. दिल्लीच्या मुलांपैकी शेकडा ४३.५ मुलांच्या फुफ्फुसांची शक्ती घटलेली आढळली. हा आकडा देशभर गाजला. संसदेपासून न्यायालयापर्यंत दिल्लीच्या हवेचा जो गलबला चालतो, त्याला अशाच आकड्यांनी धार आणली. पण त्याच अहवालात शेजारीच दुसरा एक आकडा निमूटपणे बसून आहे. तुलनेसाठी शास्त्रज्ञांनी ग्रामीण भागातील मुले घेतली होती. त्यांची हवा दिल्लीच्या मानाने शुद्ध म्हणूनच त्यांची निवड झाली होती. त्या मुलांपैकी शेकडा २५.७ मुलांची फुफ्फुसे दुबळी निघाली!

शेकडा पंचवीस! म्हणजे मोकळ्या शिवारात, झाडाखाली, नदीकाठी वाढणाऱ्या चार पोरांतले एक! दिल्लीचे दुःख मोठे दिसावे म्हणून ज्याला मापाचा गज म्हणून उभे केले, तो गजच वाकलेला होता. ४३.५ वर अश्रू ढाळून झाल्यावर ह्या २५.७ बद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. आमच्या मते बुलढाणा जिल्ह्याचा खरा प्रश्न ह्या दुसऱ्या आकड्यात आहे. कारण आमचे लोणारचे, मोताळ्याचे, संग्रामपूरचे पोर हे देशाच्या लेखी त्या तुलनेच्या रांगेतले पोर आहे. ते निरोगी आहे असे गृहीत धरून देश पुढे गेलेला आहे.

ते निरोगी का नसावे, हे पाहण्यास शास्त्रज्ञ होण्याची गरज नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे कोणत्याही खेड्यात शिरावे. घरोघर चुली पेटलेल्या असतात. कपाशी उपटून झाल्यावर पऱ्हाट्यांचे भारे बांधून अंगणात रचलेले असतात, तुरीच्या तुराट्या असतात, गोवऱ्या असतात. फुकटचे हे सरपण मायमाउली टाकून देणार तरी कशी? पऱ्हाटी चटकन पेटते, भडकते आणि ओली असली म्हणजे घरभर धूर करते. खोलीला एक दार, खिडकी असली तर थंडी म्हणून लावलेली. आई भाकरी थापीत असते आणि तिच्या पाठीला, मांडीला, कुशीला लेकरू असते. थोरली मुलगी असेल तर ती फुंकणी घेऊन बसते, कारण स्वयंपाक शिकण्याचे वय तिचेच असते. मुलगा शेकून बाहेर हुंदडावयास पळतो आणि मुलगी धुरात राहते. आमची खात्री आहे की, उद्या कोणी खरोखर मोजमाप केले तर ते मुलगा आणि मुलगी ह्यांचे वेगळे मांडावे लागेल.

घराघरांत गॅस पोहोचला की हो, असे उत्तर लगेच येईल. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्यामुळे लक्षावधी घरांत टाकी आली, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण टाकी येणे निराळे आणि ती दर महिन्याला भरून आणणे निराळे. सोयाबीनचा भाव पडला की गॅस पाहुण्यांच्या चहापुरता उरतो आणि आंघोळीचे पाणी, जनावरांची आंबवणे, भाकरी हे सारे पुन्हा पऱ्हाटीवर जाते. शिवाय शास्त्राचा अनुभव असा की, चूल विझली म्हणजे रोग विझला असे सरळ गणित मांडता येत नाही. तमिळनाडूसह चार देशांतील घरांना गॅस पुरवून एक मोठी चाचणी झाली. घरांतील धूर चांगलाच घटला, पण तान्ह्या मुलांचा गंभीर न्यूमोनिया म्हणावा तसा घटला नाही, असा तिचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. म्हणून गॅस देऊ नये असा अर्थ कोणी काढला तर तो शुद्ध चावटपणा होईल. अर्थ एवढाच की, किती टाक्या वाटल्या हे मोजून भागत नाही. मूल मोजावे लागते.

आणि चूल काही एकटी नाही. खामगाव हे कापसाचे गाव. १८७० साली खास कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकण्यात आला, एवढा ह्या गावाचा लौकिक! हंगामात जिनांतून रुईचे तंतू उडत असतात. कापसाच्या धुळीने कामगारांच्या छातीला बिसिनोसिस नावाचा रोग जडतो, हे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेले आहे. पण जिनाच्या आवारात आईबरोबर येणाऱ्या आणि सरकीच्या ढिगावर खेळणाऱ्या पोराच्या छातीत काय जाते, ह्याचे पान कोरेच आहे. महामार्गाची धूळ आहे, गिट्टी खदानी आहेत, वीटभट्ट्या आहेत, गावोगावच्या उकिरड्यांवर जळणारे प्लॅस्टिक आहे आणि डासांसाठी रात्रभर उशाशी धुमसणारी कासवछाप वळीही आहे. एका वळीच्या धुरात पाऊणशेहून अधिक सिगारेटींइतके बारीक कण असतात, असे परदेशी शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले आहे. दारे-खिडक्या लावून पोरांना तिच्याशेजारी निजविणाऱ्या आईबापांना हे कोणी सांगितले आहे काय?

शिवाय दोन्ही हातांना दोन धुरांडी आहेत. पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आणि पूर्वेला शेगावच्या हाकेच्या अंतरावर पारसचे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सारी स्थानके त्याच लोहमार्गावर ह्या दोहोंच्या मधोमध येतात. वीज आम्हांलाही हवी आहे. पारसच्या २५० मेगावॅटच्या दोन संचांनी किती दिवे लावले हे आम्ही विसरत नाही. पण २०१५ साली केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रे बसवावीत असे ठरविले, मग मुदतीवर मुदती दिल्या आणि २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना ती अटच माफ करून टाकली! गंधकाने फारसे बिघडत नाही असा दाखला त्यासाठी देण्यात आला. न बिघडल्याचा हा दाखला देण्याआधी शेगाव तालुक्यातल्या किती पोरांनी नळीत फुंकर मारून दाखविली होती?

ह्या मागणीवर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, आमची पोरे मुळातच काटकुळी. अर्धपोटी मुलाचे फुफ्फुस लहान निघाले तर त्याचा दोष धुरावर घालावयाचा की भुकेवर? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मोजताना मुलाची उंची आणि वजन त्याच कागदावर लिहावे लागते. म्हणूनच एकाच परिस्थितीतील मुलांची एकमेकांशी तुलना करावी लागते, म्हणजे चुलीच्या घरातील मूल आणि गॅसच्या घरातील मूल, महामार्गावरची शाळा आणि आडवाटेची शाळा. सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी पाडा हवा स्वच्छ म्हणून तुलनेला घेऊन चालणार नाही, कारण तेथे बाहेरची हवा निर्मळ आणि घरातली काळी असावयाची. जो कोणी हे काम हाती घेईल, त्याने मुलांबरोबर हवाही मोजली पाहिजे. शाळेच्या छपरावरची आणि चुलीजवळची. आणि काही पोरांच्या छातीत क्षय दडलेला सापडला, तर त्यात तोटा कोणाचा झाला?

पैसा कोठून आणावयाचा, हा दुसरा आक्षेप आम्ही मनावर घेत नाही. जिल्ह्यात फिरती पथके आधीच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची डॉक्टर आणि परिचारिका असलेली मोटार वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जावयाची असते. ते दात पाहतात, डोळे पाहतात, हृदयाचे ठोके ऐकतात. त्यांच्या पिशवीत एक नळी जास्त घाला, एवढेच आमचे म्हणणे आहे! मोटार तीच, डिझेल तेच, डॉक्टर तेच, पोरही तेच. यंत्रे आणावयास आणि माणसांना शिकवावयास जो खर्च येईल, तो एका स्वागत-कमानीच्या खर्चात बसावा.

तिसरा आक्षेप जरा कडवट आहे. मोजून तरी काय करणार? ज्या पोराची फुंकर दुबळी निघाली, त्याच्या आईबापांच्या हातात एक कागद देऊन परत पाठविणार काय? तसे होणार असेल तर मोजूच नये, हे आम्हांला मान्य आहे. आमच्याकडे पोराला दमा आहे हे कबूल करावयास घरातली माणसे तयार नसतात. मुलीला तर नाहीच, कारण उद्या तिचे लग्न व्हावयाचे असते. मग महिनोन्‌महिने खोकल्याचे गोड औषध चालते, तावीज बांधले जातात, आणि श्वासातून घ्यावयाचा पंप म्हणजे जन्माची सवय अशी भीती घातली जाते. वास्तविक तो पंपच त्या पोराला धावायला लावतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो पंप असल्याशिवाय तपासणीची मोटार गावात नेऊ नये.

हे काम कोणी करावयाचे, ह्याबद्दलही आता सबब उरलेली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याचे जाहीर झाले, त्यांत बुलढाण्याचे एक आहे. केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्रिपद त्याच वर्षी ह्याच जिल्ह्याच्या खासदारांकडे, म्हणजे प्रतापराव जाधव यांच्याकडे आले. महाविद्यालय घरचे, मंत्री घरचे! महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून दहा शाळा वाटून घ्याव्यात, पाचवीच्या मुलांची नावनिशी करावी आणि ती मुले दहावी सोडीपर्यंत दर वर्षी त्यांचा श्वास मोजावा. मुलांची नावे गुप्त ठेवावीत, पण प्रत्येक शाळेचा आकडा त्या त्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. विद्यार्थी शिकतील, जिल्ह्याला आकडे मिळतील.

असे काम ह्या राज्यात पूर्वी कोणी केलेच नाही, असेही नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण विभाग घेऊन हजारो माणसांची छाती तपासली होती. गिरण्यांची धुरांडी तेव्हा जोरात होती आणि संगणकाचे नावही रुग्णालयात कोणी घेत नव्हते. आणि डॉ. बावस्करांचेच उदाहरण घ्या. कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्या प्रत्येक माणसाची नाडी, रक्तदाब, श्वास हे त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून वहीत लिहून काढले. त्या वहीच्या जोरावर उपचार बदलला आणि शेकडा तीस-चाळीस माणसे जेथे मरत, तेथे सुमारे एकच मरू लागले. त्यांच्या हाताशी होती ती एक वही आणि चिकाटी. बुलढाण्याच्या महाविद्यालयाजवळ ह्याहून कमी सामग्री आहे काय?

कामाला मुहूर्तही आम्हीच सुचवितो. श्रावण-भाद्रपदात पाऊस हवा धुऊन काढतो, पऱ्हाट्या शेतात हिरव्या उभ्या असतात आणि जिने बंद असतात. मुलाचा पहिला श्वास तेव्हा मोजावा. दसरा होतो, कापूस घरात येतो, जिने धडधडू लागतात. दिवाळी होते, चुलीपुढे शेकोटी पेटते आणि पौषात धूर गावावरून हलेनासा होतो. दुसरा श्वास तेव्हा, त्याच मुलाचा, त्याच नळीत मोजावा. शेगाव, खामगाव, नांदुरा आणि मलकापूर ह्या चार तालुक्यांतल्या प्रत्येकी दोन शाळा आणि जळगाव जामोदच्या डोंगराकडच्या दोन, अशा दहा शाळा पहिल्या वर्षी पुरेत. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या दहा शाळांची नावे शाळा उघडण्यापूर्वी जाहीर करावीत. आम्ही ती ह्याच पानावर छापू, आणि पौष सरल्यावर त्यांचे आकडेही ह्याच पानावर मागू.